रात्री परसात कोण येऊन जातं?

सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधल्या काही घरांपुढची हिरवळ सकाळी उलथून पडलेली दिसते. गवताचे पट्टे मुळांसकट उचलून बाजूला टाकलेले असतात आणि खालची माती भुसभुशीत झालेली असते. पहिला संशय शेजारच्या कुत्र्यावर जातो, दुसरा रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांवर. खरा उद्योग बहुतेक वेळा रॅकूनचा असतो. आपल्याकडचे ऊस-भुईमूगवाले शेतकरी जिला हुमणी म्हणतात, तसल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या या दिवसांत गवताखाली पोसलेल्या असतात. रॅकून मध्यरात्री येतो, पुढच्या दोन पंजांनी माती चाचपतो, अळी सापडली की तिथंच खातो आणि उजाडायच्या आत निघून जातो. घरातल्या कुणालाही पत्ता लागत नाही.

हा पत्ता लावून देणारं साधन म्हणजे ट्रेल कॅमेरा. महाराष्ट्रात वनखात्याची माणसं त्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. शंभर डॉलरच्या आसपास मिळणारी, हाताच्या पंजाएवढी, पावसापाण्यात टिकणारी ही पेटी झाडाला किंवा कुंपणाच्या खांबाला पट्ट्यानं बांधायची. समोरून उबदार अंगाचं काही गेलं की ती आपणहून फोटो काढते, त्यावर तारीख-वेळ उमटवते आणि पुन्हा गप्प बसते. सनीव्हेल हे २०२०च्या जनगणनेनुसार दीड लाखाहून अधिक वस्तीचं शहर आहे. एके काळी इथं जर्दाळू, प्लम आणि चेरीच्या बागा होत्या. आज तिथं कार्यालयं आणि घरांच्या रांगा आहेत. तरीही पश्चिमेला स्टीव्हन्स क्रीक हा ओढा सांताक्रूझच्या डोंगरांतून उतरून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडे जातो, उत्तरेला बेलँड्सची पाणथळ जमीन आहे, आणि पावसाचं पाणी खाडीत नेणारे पूर्व व पश्चिम असे दोन मोठे कालवे शहरातून वाहतात. जनावरांचे रस्ते हेच आहेत. या वाटांच्या आसपास परस असेल तर कॅमेरा रिकामा राहत नाही.

कॅमेऱ्यापुढं सर्वांत जास्त येतात ते रॅकून, ओपॉसम आणि स्कंक. त्यातला ओपॉसम मला फार आवडतो. करड्या, विस्कटलेल्या केसांचा, टोकदार पांढऱ्या तोंडाचा, उघड्या शेपटीचा हा प्राणी पहिल्यांदा पाहणाऱ्याला मोठी घूस वाटतो. आमच्या परसातल्या लिंबाखाली एका वसंतात एक मादी कॅमेऱ्यात आली. तिच्या पाठीवरच्या केसांना गच्च धरून पिलं बसली होती. पहिल्या फोटोत नुसता पाठीवर उंचवटा दिसत होता. तिनं वळून पडलेलं फळ हुंगलं तेव्हा त्या उंचवट्यातून इवल्या डोळ्यांची चमक दिसली. ओपॉसम कांगारूच्या दूरच्या नात्यातला, म्हणजे पोटाला पिशवी असलेला प्राणी आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला असा दुसरा नाही. मादी जेमतेम तेरा दिवसांत पिलांना जन्म देते. ती मधमाशीएवढी असतात आणि सरपटत पिशवीत जातात. मोठी झाली की आईच्या पाठीवर. हा प्राणी मूळचा इथला नव्हे. अमेरिकेच्या पूर्व भागातून तो माणसांनी कॅलिफोर्नियात आणला, आणि त्याच्या इथल्या वसाहतीची सुरुवात १९१०च्या सुमारास शेजारच्या सॅन होजेपासून झाली असं प्राणिशास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे.

कधीतरी कायोटी येतो, ओढ्यालगत नशिबानं बॉबकॅट किंवा करडा कोल्हाही. करडा कोल्हा झाडावर चढतो, कारण त्याची नखं बाकीच्या कोल्ह्यांपेक्षा वाकडी आणि पुढचे पाय जास्त वळणारे असतात. प्यूमा, म्हणजे इथले लोक ज्याला माउंटन लायन म्हणतात तो, सनीव्हेलच्या गल्लीत येण्याची शक्यता नगण्य आहे. पण २०१४च्या मे महिन्यात लागूनच असलेल्या माउंटन व्ह्यूमध्ये एक तरुण नर थेट अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सापडला होता. त्याला बेशुद्ध करून डोंगरात परत सोडण्यात आलं.

आता या पेटीच्या आत काय चालतं ते पाहू, कारण ते कळलं नाही तर कॅमेरा चुकीच्या जागी लागतो आणि कार्डावर फक्त हलणारी पानं जमा होतात. कॅमेऱ्याच्या तोंडाशी दुधी रंगाचा, बारीक खाचा असलेला एक प्लास्टिकचा पडदा असतो. त्याच्यामागं उष्णता ओळखणारा संवेदक असतो. पडद्यातल्या खाचा समोरच्या जागेचे अदृश्य कप्पे पाडतात. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडत असते. एखादं जनावर एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलं की दोन्हींतल्या उष्णतेचा फरक झटक्यात बदलतो आणि संवेदक कॅमेऱ्याला उठवतो. म्हणजे नुसती हालचाल पुरत नाही आणि नुसती ऊबही पुरत नाही. उबदार अंग थंड पार्श्वभूमीवर आडवं सरकलं पाहिजे.

यातून पुष्कळ गोष्टी उलगडतात. दुपारच्या उन्हात तापलेली फांदी वाऱ्यानं हलली की कॅमेरा फसतो. उलट विदर्भात मे महिन्यात जमीनच अंगाएवढी तापलेली असते तेव्हा समोरून जनावर गेलं तरी संवेदकाला ते कळत नाही. बेडूक, साप, सरडे यांचं अंग भोवतालाएवढंच गार असल्यानं ते सहसा नोंदले जात नाहीत. सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं चालत येणारं जनावर उशिरा ओळखलं जातं आणि आडवं जाणारं लवकर. पण अगदी काटकोनात लावलेल्या कॅमेऱ्यापुढून पळणारा कोल्हा चौकटीतून निसटतो आणि फोटोत शेपूट तेवढं राहतं. म्हणून वाटेशी तिरका कोन ठेवायचा. रॅकूनसारख्या प्राण्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या खाली, वाटेपासून तीन-चार मीटरवर हवा. बहुतेक लोक तो आपल्या डोळ्यांच्या उंचीला लावतात आणि मग रात्रभर त्याच्या नजरेखालून जनावरं निघून जातात. तोंड शक्यतो उत्तरेला करावं, म्हणजे उगवता-मावळता सूर्य भिंगात शिरत नाही. समोरचं उंच गवत कापावं. आणि लावून झाल्यावर स्वतः हातापायांवर रांगत त्याच्यापुढून जाऊन बघावं. जनावराच्या उंचीवरून फोटो निघतो का, हे तपासायचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

रात्रीचे फोटो काळे-पांढरे येतात, कारण तेव्हा कॅमेरा अवरक्त दिव्यांच्या उजेडात काम करतो. या दिव्यांचे दोन प्रकार आहेत. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड टाकतात, पण पेटल्यावर मंद लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. विकणारे याला ‘अदृश्य’ म्हणतात. जनावरांच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली बाजारातले बरेच कॅमेरे तपासले तेव्हा त्यांतून निघणारे बारीक आवाज प्राण्यांच्या कानांच्या टप्प्यात येतात आणि दिवेही काही प्राण्यांना दिसू शकतात, असं आढळलं. म्हणूनच पुष्कळ फोटोंत जनावर थेट भिंगाकडे बघत असतं.

बॅटरीवर पैसे वाचवू नयेत. साध्या अल्कलाइन सेलचा विद्युतदाब हळूहळू उतरत जातो आणि दिवसा फोटो नीट येत असतानाही रात्रीचा उजेड फिका पडतो. लिथियमचे सेल शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखा दाब देतात. घड्याळाचंही तसंच. अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढं आणि नोव्हेंबरमध्ये मागं जातात. कॅमेरा हे आपणहून करत नसेल तर त्याची वेळ वर्षभर एकच ठेवावी आणि वहीत तसं लिहावं. चुकीच्या वेळेचा फोटो सुंदर असला तरी नोंद म्हणून निकामी असतो.

नोंद हाच या साधनाचा खरा उपयोग आहे, आणि ही कल्पना शंभरहून अधिक वर्षांची आहे. जॉर्ज शिरास तिसरे या अमेरिकी वकिलानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगलात दोरी ताणून ठेवायला सुरुवात केली. हरणाचा पाय दोरीला लागला की झगझगीत दारू पेटायची आणि कॅमेऱ्याचा पडदा उघडायचा. त्यांचे ७४ फोटो नॅशनल जिऑग्राफिकनं जुलै १९०६च्या अंकात छापले. भारतात एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्यानं १९२०च्या दशकात कुमाऊँ-शिवालिकच्या जंगलांत हीच युक्ती वाघासाठी वापरली. शिकारीच्या त्या काळात त्यानं बंदुकीऐवजी वाघाच्या वाटेवर तार लावली. फोटो जमा होत गेले तसं त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि त्यांवरून वाघ ओळखता येतो.

या निरीक्षणाचं गणित व्हायला आणखी साठेक वर्षं लागली. आपल्याकडे तोवर वाघ मोजायचे ते पायांच्या ठशांवरून. वनरक्षक पाणवठ्याच्या चिखलात काचेवर ठसा गिरवून घेत. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याची पद्धतही जुनी आहे. आजही वनखातं ‘निसर्गानुभव’ म्हणून ती रात्र लोकांसाठी खुली करतं. मचाणावरच्या त्या रात्रीचा आनंद कोणताही कॅमेरा देणार नाही. पण एका रात्रीत एका पाणवठ्यावर दिसलेल्या जनावरांवरून जंगलातली संख्या काढता येत नाही. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरे लावले आणि १९९५ साली ती रीत शास्त्रीय निबंधात मांडली. तिचा गाभा कुणालाही समजेल असा आहे. समजा पहिल्या फेरीत वीस निरनिराळे वाघ फोटोत आले. दुसऱ्या फेरीत पंधरा आले आणि त्यांतले दहा पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतल्या वाघांपैकी दोन-तृतीयांश आपल्या ओळखीचे होते. तर पहिल्या फेरीनं एकूण वाघांपैकी साधारण दोन-तृतीयांश टिपले असावेत आणि एकूण आकडा तीसच्या आसपास असावा. प्रत्यक्षातलं गणित याहून बरंच किचकट असतं, पण पाया हाच. दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्यानं वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात.

याच पायावर भारताची २०१८ची व्याघ्रगणना झाली. २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक फोटो जमले, आणि गिनेस बुकनं कॅमेरा ट्रॅपचं जगातलं सर्वांत मोठं सर्वेक्षण म्हणून त्याची नोंद केली.

परसात कॅमेरा लावणाऱ्यानं हे गणित समजून घ्यायलाच हवं, कारण त्यातून आपल्या कॅमेऱ्याची मर्यादा कळते. रॅकूनच्या अंगावर वाघासारखे ओळखू येणारे पट्टे नाहीत. महिन्यात चाळीस फोटो आले तर ते चाळीस रॅकून असतील, किंवा एकच रॅकून चाळीस वेळा आला असेल. “आमच्या भागात रॅकून फार वाढलेत” असं म्हणायला तो पुरावा पुरत नाही. कॅमेरा सांगतो ते एवढंच: अमुक जातीचं जनावर, अमुक जागी, अमुक वेळी होतं. हे कमी वाटतं, पण अफवा आणि नोंद यांच्यातलं सगळं अंतर एवढ्यात आहे.

मुंबईचं उदाहरण घ्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं आणि तीन बाजूंनी शहरानं वेढलेलं. २००२ ते २००४च्या सुमारास तिथं बिबट्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसं दगावली आणि बिबटे किती, कुठले, कुणी आणून सोडले याबद्दल नुसता तर्क चालायचा. पुढं कॅमेरे लागले. निकित सुर्वे यांच्या २०१५च्या अभ्यासात उद्यान आणि आरेसारख्या लगतच्या भागात ३५ बिबटे निघाले, २०१८च्या फेरीत ४७. अंगावरच्या ठिपक्यांवरून प्रत्येक बिबट्याला क्रमांक मिळाला, कोण कुणाची आई हे कळलं, जुन्या बिबट्यांची पुन्हा भेट झाली. आरेतल्या आदिवासी पाड्यांना बिबट्या शेजारी आहे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. बाकीच्या मुंबईला ते फोटोंनी पटवलं. छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी आरेतल्या एका पाड्याच्या बोळात आपोआप चालणारा कॅमेरा बसवून टिपलेल्या बिबट्याच्या फोटोला २०१६ साली लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी वन्यजीव विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात, घराच्या भिंतीला लागून, बिबट्या निवांत चालला आहे. बोळ त्याच्या रोजच्या येण्याजाण्याचा आहे हे त्या चालीवरूनच कळतं.

अकोले तालुक्याची गोष्ट तर जंगलाचीही नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या उसाच्या पट्ट्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आणि तेवढीच तरसं असल्याचं २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलं. बिबट्या जंगलातून वाट चुकून शेतात येतो ही समजूत त्या फोटोंपुढं टिकली नाही. तो शेतातच राहत होता.

कॅलिफोर्नियातही असंच घडलं. २०१२च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो पाहताना जीवशास्त्रज्ञ मिगेल ओर्देन्याना यांना एक प्यूमा दिसला. महामार्ग ओलांडून शहराच्या मधोमध पोचलेला हा नर पुढं पी-२२ नावानं प्रसिद्ध झाला आणि डिसेंबर २०२२मध्ये मरेपर्यंत त्याच उद्यानात राहिला. पण मला सर्वांत जवळची वाटते ती सनीव्हेलच्या डोक्यावरच्या, सांताक्रूझ डोंगरातल्या प्यूमांची एक चाचणी. तिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथं सांताक्रूझच्या विद्यापीठाचे संशोधक २००८पासून प्यूमांना गळ्यात पट्टे घालून त्यांचा माग ठेवतात. प्यूमानं हरीण मारलं की तो तिथं रात्रीमागून रात्री खायला येतो. पट्ट्यावरून ती जागा हेरून संशोधकांनी मेलेल्या हरणापाशी कॅमेरा ठेवला आणि त्याला एक छोटा ध्वनिवर्धक जोडला. प्यूमा आला, संवेदकानं ओळखला की कॅमेरा चालू व्हायचा आणि थोड्या वेळानं आवाज. कधी इथल्या झाडबेडकांचं डरांव-डरांव, कधी रेडिओ-टीव्हीवरच्या राजकीय निवेदकांचं बोलणं. बेडकांच्या आवाजाला प्यूमा फक्त एकदा पळाला. माणसाच्या बोलण्याला मात्र दर सहापैकी पाच वेळा, टाकोटाक खाणं सोडून. माणसांचा आवाज ऐकल्यावर त्यांचा त्या शिकारीवर खाण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला. त्या चित्रफितींत दिसतं ते असं: एवढं बलदंड जनावर हरणावर वाकलेलं असतं, एक माणूस शांतपणे काहीतरी बोलू लागतो, मान वर होते, कान मागं जातात आणि दुसऱ्या क्षणी चौकटीत फक्त हरीण उरतं.

परसातला रॅकून रात्री दोनला का येतो, याचंही उत्तर याच दिशेला आहे. कॅट्लिन गेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलीहून ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरचे जगभरातले ७६ अभ्यास एकत्र केले. त्यांतले पुष्कळ कॅमेऱ्यांच्याच नोंदींवर उभे होते. माणसांचा वावर वाढला की प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पटींनी वाढतो, असं २०१८ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी दाखवलं. दिवस आणि रात्र निम्मी-निम्मी वापरणारा प्राणी माणसांच्या शेजारी आला की सुमारे ६८ टक्के वेळ रात्रीचा वापरू लागतो. शिकार असो, शेती असो की नुसते डोंगर चढणारे हौशी लोक असोत, प्राण्यांनी फारसा फरक केला नाही. जागा वाटून घेणं शक्य नाही तिथं ते वेळ वाटून घेतात. हे समजलं की कायोटीचा पहाटे चारचा फोटो आपल्याला भीतीचा वाटत नाही. तो आपल्याला चुकवण्यासाठीच त्या वेळी निघालेला असतो.

न आलेलं जनावरही कॅमेरा नोंदवतो, पण त्यासाठी तो वर्षानुवर्षं एका जागी असावा लागतो. पालो आल्टोच्या बेलँड्समध्ये बिल लीकम या निवृत्त माणसानं २००९पासून करड्या कोल्ह्यांचा पिच्छा पुरवला आणि कॅमेऱ्यांच्या आधारानं त्यांची कुटुंबं, बिळं, भांडणं नोंदवली. २०१६च्या अखेरीस कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची साथ आली आणि तिथले कोल्हे संपले. आधीच्या सात वर्षांची नोंद नसती तर खाडीकाठचं एक आख्खं कोल्हेकुळ नाहीसं झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आता दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यांकडे. कॅमेरा उबदार अंग ओळखतो, जात ओळखत नाही. त्यामुळं त्यात टपालवाला येतो, माळी येतो, शेजाऱ्यांची मुलं येतात. याबाबत मी आग्रहानं सांगेन: आपल्या कुंपणाबाहेरचं काही चौकटीत येत असेल तर कोन बदला. शेजाऱ्याचं परस किंवा खिडकी कधीच नको. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण सर्वांच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रित करणं गुन्हा आहे आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या दोन माणसांचं बोलणं सहज टिपलं जातं. बागेत, ओढ्याच्या काठी, डोंगरातल्या राखीव जागेत परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका. महाराष्ट्रातल्या जंगलात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय मुळीच नाही.

हे नुसतं शिष्टाचाराचं प्रकरण नाही. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत केंब्रिज विद्यापीठाच्या त्रिशांत सिमलाई यांनी केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी सरपण आणि गवत आणायला जंगलात जाणाऱ्या बायकांच्या आयुष्यावर काय परिणाम केला, हे त्यात आहे. घरात मिळत नाही तो मोकळेपणा त्यांना जंगलात मिळत होता. तिथं त्या गात, मनमोकळं बोलत. कॅमेरे आल्यावर त्या गप्प झाल्या आणि कॅमेरा चुकवायला अनोळखी, जास्त धोक्याच्या भागात जाऊ लागल्या. आडोशाला बसलेल्या एका बाईचा फोटो तर गावातल्या समाजमाध्यमांवर फिरवला गेला. मोठमोठ्यानं बोलणं-गाणं हा वाघाला दूर ठेवायचा त्यांचा उपाय होता, तोही गेला. वन्यजीवांच्या भल्यासाठी लावलेलं साधन माणसाला इतकी इजा करू शकतं, तर ते लावणाऱ्यानं आधी माणसांचा विचार करायला हवा.

फोटो निवडणं हे पूर्वी फार कंटाळवाणं काम होतं. हजारातले निम्मे-अधिक फोटो रिकामे, वाऱ्यानं काढलेले. आता त्यासाठी संगणकाची मदत मिळते. मायक्रोसॉफ्टमध्ये सुरू झालेला मेगाडिटेक्टर फोटोत प्राणी, माणूस, वाहन आहे की काहीच नाही, एवढं चाळून देतो. गूगलनं मार्च २०२५मध्ये स्पीशीजनेट सर्वांसाठी खुलं केलं. साडेसहा कोटींहून अधिक फोटोंवर शिकवलेलं हे साधन प्राण्याची जातही सुचवतं. सनीव्हेल-माउंटन व्ह्यूच्या परिसरात अशा कामांत कितीतरी मराठी मुलं-मुली आहेत. त्यांनी ताडोबा किंवा राधानगरीच्या एखाद्या अभ्यासगटाला सुट्टीतले चार तास दिले तर तिथली महिन्यांची छाननी वाचेल.

आणि फोटो मिळाला म्हणून त्या जनावराला बोलवायला खाणं ठेवू नये. कॅलिफोर्नियात वन्य प्राण्यांना खायला घालून त्यांची रीत बिघडवणं नियमाविरुद्ध आहे. रॅकून पकडून “डोंगरात सोडून येतो” म्हणणंही बेकायदा आहे. पकडलेला प्राणी परवानगीशिवाय दुसरीकडे नेता येत नाही, कारण त्याच्याबरोबर रोगही जातो आणि अनोळखी मुलखात तो बहुधा जगत नाही. फोटोचा उपयोग असा करा: रॅकून कुठून शिरतो ते दिसलं तर ती फट बुजवा, पडलेली फळं संध्याकाळी उचला, मांजराचं खाणं रात्री आत घ्या. रॅकून ठरावीक जागी विष्ठा टाकतो आणि तिच्यात माणसाला घातक अशा जंताची अंडी असू शकतात. कॅमेऱ्यात तशी जागा मुलांच्या वाळूच्या पेटीजवळ दिसली तर पेटीला झाकण घाला आणि हातमोज्यांशिवाय साफ करू नका. अडलंच तर सांता क्लारा काउंटीचं व्हेक्टर कंट्रोल खातं रहिवाशांना सल्ला देतं.

कॅमेरा घेणार असाल तर लावण्याआधी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना सांगा आणि चौकटीत काय येतं ते त्यांना दाखवा. बॉबकॅट किंवा कोल्ह्याचं बीळ सापडलं तर त्याचा ठावठिकाणा कुणालाही कळवू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा झाकण्याची सोय आहे, ती वापरा. आणि पहिल्या आठवड्यात काही आलं नाही म्हणून कॅमेरा हलवू नका. चारही ऋतू तो एकाच खांबावर राहू द्या आणि रिकाम्या रात्रीही वहीत लिहा.